शाळेसमोरचा फ्लॅट

“ह्या स्वयंपाकघरात दोघींनी फुगडी घालायची म्हटली, तर एकीला जिन्यात उभं राहायला लागंल,” पारूआत्या म्हणाली.

ती ओट्यापाशी उभी राहून गोल फिरायचा प्रयत्न करत होती. अर्ध्या फेरीतच तिच्या पिशवीचा कोपरा भिंतीला घासला आणि चुन्याचा पांढरा पट्टा पिशवीवर उमटला. फ्लॅटचे मालक मगदूम कसनुसं हसले. उंच, किडकिडीत माणूस. आम्ही आल्यापासून त्यांनी सतरा वेळा रुमालानं मान पुसली असेल.

“स्वयंपाकघर लहान आहे, मान्य,” ते म्हणाले, “पण जरा खिडकीतून बघा.”

माझी बायको गिरिजा केव्हाचीच खिडकीला चिकटली होती. समोर रस्ता, आणि रस्त्यापलीकडं विद्याविभूषण प्रशालेचं निळं फाटक. गिरिजा त्या फाटकाकडं अशी बघत होती, की तिला हाक मारायला मला संकोच वाटला.

ही सांगलीतली गोष्ट. मला चष्म्याचं दुकान काढून थोडी वर्षं झाली होती. आमची कस्तुरी तेव्हा पहिलीच्या उंबरठ्यावर, आणि भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं. घर घ्यायचं ठरलं तेव्हा मला वाटलं, पाणी, ऊन आणि भिंती बघायच्या. पण गिरिजानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, “आधी शाळा. मग शाळेजवळचं घर.”

विभूषणचं नाव गावात असं होतं, की लोक ते जरा आवाज खाली आणून घेत. तिथली पोरं म्हणे झोपेत पाढे म्हणतात. पहिलीतल्या एका पोरानं म्हणे वाण्याची बेरीज दुरुस्त केली, आणि तेव्हापासून वाणी त्याला बघून दुकानाचं शटर अर्धं ओढतो. मला स्वतःला एवढंच ठाऊक होतं, की माझ्या दुकानात येणारी निम्मी बालगिऱ्हाइकं त्याच शाळेची असायची. धंद्याच्या दृष्टीनं शाळा उत्तमच म्हणायची.

मी एक दुसरं घरही बघून ठेवलं होतं. गावाच्या दुसऱ्या टोकाला, बैठं, हवेशीर, मागं मोकळी जागा. पण त्या भागातली शाळा म्हणजे पत्र्याची शाळा. तिचं खरं नाव कुणाला आठवत नसे. गिरिजानं ‘पत्र्याची’ एवढं ऐकलं आणि विषय संपवला.

तिच्या हट्टाला कारण होतं. तिच्या गावच्या शाळेत ती नववी-दहावीत असताना गणिताला शिक्षकच नव्हता. तासाला मुलं पटांगणातलं गवत काढत. ती दहावी सुटली, पण गणितानं तिला पार बुडवलं आणि तिचं इंजिनिअर व्हायचं राहून गेलं. हे ती कधी रडून सांगत नसे. फक्त घरात नळ गळायला लागला की पाना घेऊन ती बसायची, आणि मी कंदील धरायचो.

“तुमची मुलगी याच शाळेत ना?” तिनं मगदुमांना विचारलं.

“हो तर. पद्मश्री. चौथी ब.” मगदुमांनी मान पुसली. “हुशार आहे. म्हणजे... फार हुशार आहे.”

“आणि प्रवेश मिळतो?”

“पत्ता बघूनच देतात. इथून हाक मारली तर शाळेत ऐकू जाते.”

“मग एवढं सगळं असताना विकताय कशापायी?” आत्यानं विचारलं.

“बदली,” मगदूम म्हणाले, आणि घाईनं आम्हाला न्हाणीघर दाखवायला घेऊन गेले.

उद्या कळवतो म्हणून आम्ही खाली उतरलो. गिरिजानं मनातल्या मनात पडदेसुद्धा लावले होते. आत्या मात्र रस्त्याच्या मधोमध थांबली.

“राजा, मघाशी तू भिंती ठोकून बघितल्यास. नळ सोडून बघितलास. दारं उघडझाप केलीस. मग शाळा तेवढी नुसती ऐकून घ्यायची व्हय रं?”

“आत्या, शाळेत कोण आत सोडणार?”

“इचारून तर बघू.”

विचारलं. फाटकावरच्या वॉचमननं आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. “पालकांना आत सोडत न्हाई. पालकसभा दिवाळीनंतर.”

“आम्ही अजून पालक नाही,” मी म्हणालो.

“मग तर मुळीच न्हाई.”

मी परत फिरलो. आणि माझ्या पाठीमागं आत्याचा आवाज आला. एरवी भाजीवालीशी बोलतानाचा असतो तसा, एकदम घरगुती.

“आवं, आमची पोरगी डबा इसरलीया. मगदुमांची. चौथी ब.”

तिनं पिशवीतून आमचा दुपारचा डबा काढून वॉचमनच्या नाकासमोर धरला होता. गिरिजानं माझं कोपर असं दाबलं, की हात खांद्यापर्यंत बधिर झाला.

वॉचमन मात्र ताडकन उभा राहिला. “मगदूम? पद्मश्री मगदूम? तुम्ही तिच्या घरचं?”

“मी आजी,” आत्या म्हणाली.

“थांबा. जाऊ नका हां. अजिबात जाऊ नका.” तो आत पळाला आणि लगेच धापा टाकत परत आला. “मॅडमनी बोलवलंय. सगळ्यांस्नी.”

“बघ,” आत्या मला हळूच म्हणाली, “मान हाय पोरीला.”

आत शिरलो. लांबलचक व्हरांडा, दोन्हीकडं वर्ग, आणि कुठंही आवाज नाही. भिंतीवर पाट्या. शांतता राखा. पळू नये. भिंतीला हात लावू नये. समोरून मुलांची एक रांग आली, सगळ्यांची तर्जनी ओठांवर, डोळे पुढच्याच्या मानेवर. आम्हाला वळसा घालून रांग निघून गेली.

“किती शिस्त!” गिरिजा कुजबुजली. तिचे डोळे चमकत होते.

“कुणी गेलंय का गं?” आत्यानं विचारलं.

मुख्याध्यापिका सबनीस मॅडम टेबलामागं ताठ बसल्या होत्या. हातातला कागद त्यांनी लांब धरला होता. माझ्या धंद्याच्या सवयीनं मला तेवढंच दिसलं. नंबर वाढला होता, चष्मा जुना होता.

“बसा,” त्या म्हणाल्या. “तीन निरोप पाठवले. एकदाही आला नाहीत. आज डबा द्यायला बरा वेळ मिळाला.”

मी खरं सांगायला तोंड उघडलं. आत्यानं माझ्या पायावर पाय दिला. तिचा पाय म्हणजे पाटा. मी तोंड मिटलं.

“पद्मश्रीला आणा,” मॅडम वॉचमनला म्हणाल्या.

तेव्हा मला पुढचं सगळं दिसायला लागलं. मुलगी येणार, म्हणणार ही कोण माणसं, आणि उद्या माझ्या दुकानाला कुलूप. गिरिजा खुर्चीत इतकी आकसली होती, की तिच्या शेजारी आणखी एक बाई बसू शकली असती.

मुलगी आली. दोन वेण्या, लाल रिबिनी, पुढचा एक दात पडलेला. तिनं आधी मला नीट बघितलं. मग गिरिजाला. मग आत्याला.

“तुझे घरचे आलेत,” मॅडम म्हणाल्या.

पद्मश्रीनं डब्याकडं बघितलं. आत्यानं शांतपणे डब्याचं झाकण उघडलं. खोलीभर वास पसरला.

“शेंगाची पोळी?” पद्मश्रीनं विचारलं.

“तूप लावून,” आत्या म्हणाली.

“ही माझी आजी,” पद्मश्रीनं मॅडमना सांगितलं, आणि ती आत्याच्या खुर्चीला टेकून उभी राहिली.

मॅडमनी एक जाडजूड गठ्ठा समोर ओढला. तक्रारी सुरू झाल्या. पहिली निबंधाची. ‘माझी शाळा’, दहा ओळी. बाईंनी फळ्यावर लिहून दिलेल्या नऊ ओळी हिनं जशाच्या तशा उतरवल्या होत्या. दहावी स्वतःची.

“वाचते,” मॅडम म्हणाल्या, आणि कागद आणखी लांब नेला. “‘सुट्टीच्या दिवशी माझी शाळा फार सुंदर दिसते.’”

गिरिजाच्या नाकातून एक बारीक आवाज आला.

इथं गिरिजाच्या हसण्याबद्दल सांगायला हवं. ती सहसा हसत नाही. पण एकदा सुरू झाली, की ते तिच्या हातात राहत नाही. आधी नाकात शिट्टी, मग खांदे, मग उचकी. आमच्या लग्नात भटजींची शेंडी पंख्याच्या वाऱ्यानं उभी राहिली, तेव्हा मंगलाष्टकं दोनदा थांबवावी लागली होती.

“आता गणित,” मॅडम म्हणाल्या. “एक गवंडी एक भिंत आठ दिवसांत बांधतो. तर दोन गवंडी किती दिवसांत बांधतील? उत्तर, चार.”

“चार लिहिलं नाही का तिनं?” गिरिजानं काळजीनं विचारलं. गणित म्हटल्यावर ती सावरून बसली होती.

“लिहिलंय. पण त्याखाली लिहिलंय, ‘ते एकमेकांशी बोलत असतील तर सहा.’”

शिट्टी. खांदे. मी खाली बघत राहिलो.

“यात हसण्यासारखं काय आहे?” मॅडमनी विचारलं.

“क... काही नाही,” गिरिजा म्हणाली, आणि उचकी लागली.

“आलं लक्षात. आईकडूनच आलंय. ही वर्गात हसते. स्वतः हसते ते हसते, बाक हसवते. परवा तर कांबळेबाई हसल्या! पंधरा वर्षं नोकरी झाली त्यांची, कधी हसल्या नव्हत्या.” मॅडमचा आवाज दुखावलेला होता. “शिष्यवृत्तीची परीक्षा तोंडावर आलीय. आमचा निकाल गावात पहिला असतो, दरवर्षी. तो असाच लागत नाही. परीक्षेच्या आधी आम्ही मुलं पारखून घेतो. जी निकालात बसणार नाहीत, त्यांच्या पालकांना समजावून सांगतो, दाखला घ्या. मुलांच्याच हिताचं असतं.”

गिरिजाची उचकी थांबली.

“म्हणजे जे मागं पडतात, त्यांना काढता?”

“कमी करतो.”

“त्यांना गणित शिकवत नाही कुणी? जादा तास वगैरे?”

“मागं पडणारी मुलं आमच्याकडं नसतात,” मॅडम म्हणाल्या. त्या हे अभिमानानं सांगत होत्या.

त्यांनी एक छापील अर्ज माझ्यापुढं सरकवला. “दाखल्यासाठी. वडिलांनी इथं सही करायची.”

पद्मश्रीचं चावणं थांबलं. इतका वेळ ती मजेत पोळी खात होती. तिचा हात डब्यातच राहिला, आणि ती अर्जाकडं बघत राहिली.

“कर सही, राजा!” आत्या उसळली. ती आता पूर्णपणे आजी झाली होती. “एवढी गुणाची पोरगी, आणि म्हणं हसती! असल्या शाळंत माझी नात मी एक मिनिट ठेवणार न्हाई. कर सही!”

मॅडमनी पेन माझ्या हातात दिलं. समोर सहीची रिकामी जागा. एका अनोळखी माणसाच्या मुलीला मी शाळेतून काढणार होतो, तेही तिच्या आजीच्या आग्रहाखातर, जी तिची आजी नव्हती.

“मॅडम, मला सही करता येत नाही,” मी म्हणालो.

“निरक्षर आहात?”

“नाही. चष्म्याचं दुकान आहे माझं.”

“मग?”

“ही माझी मुलगी नाही.”

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग गिरिजाकडं बोट केलं. “आणि या?”

“ही माझी बायको. पण हिची आई नाही.”

“आणि आजी?”

“मी कुणाचीबी आजी व्हते,” आत्या म्हणाली. “त्याला काय लागतंय?”

पुढचे काही क्षण खोलीत काय काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मॅडम ओरडल्या. वॉचमननं बाहेरून दाराला कडी घातली, आणि आपण आत राहायला हवं होतं हे लक्षात येऊन परत काढली. मुलं पळवणारी टोळी, पोलीस, असे शब्द ऐकू आले. त्या गोंधळात पद्मश्रीचाच आवाज शांत होता.

“खरे बाबा घरी आहेत, मॅडम. फोन लावा. समोरच राहतो आम्ही.”

मगदूम आले तेव्हा त्यांच्या पायात घरातल्या सपाता होत्या आणि शर्टाचं बटण एक घर चुकलं होतं. दारातच त्यांनी आम्हाला बघितलं आणि ते खांबासारखे उभे राहिले.

“या लोकांना ओळखता?” मॅडमनी विचारलं.

मगदुमांनी माझ्याकडं बघितलं, आत्याकडं बघितलं, डब्याकडं बघितलं. ते नाही म्हणाले असते, तर त्यात काही चूक नव्हती. त्यांनी मान पुसली.

“पाहुणे आहेत आमचे,” ते म्हणाले. “गमत्ये आहेत जरा.”

मॅडमनी तोच अर्ज त्यांच्यापुढं सरकवला. मगदूम हसले. त्यांचं हे हसणं मघाच्यासारखं कसनुसं नव्हतं.

“तुमचा अर्ज राहू दे. मी घरी लिहून ठेवलाय. द्यायचं धाडस होत नव्हतं. आज आणतोच.”

“म्हणजे बदली?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“बदलीच आहे की,” मगदूम खाली बघून म्हणाले. “माझी नाही. हिची.”

आम्ही सगळे मिळून बाहेर आलो. फाटकाबाहेर लिंबाच्या झाडाखाली दगडी कठडा होता, तिथं बसलो. आम्ही त्यांची मुलगी ढापली होती, आणि ते आम्हाला त्यांची डोकेदुखी विकणार होते. फिटंफाट म्हणायला हरकत नव्हती, पण म्हणणार कोण?

“बाबा,” पद्मश्री म्हणाली, “मी ढ आहे का?”

मगदुमांचा रुमाल हातातच राहिला. तेव्हा गिरिजा उठली आणि त्या मुलीसमोर उकिडवी बसली.

“दोन गवंड्यांचं गणित मला कुणी असं सांगितलं असतं ना,” ती म्हणाली, “तर मी आज इंजिनिअर असते. कळलं?”

“तुम्हाला किती दिवस वाटतात?” पद्मश्रीनं विचारलं.

“ते कशाबद्दल बोलतात त्यावर आहे.”

“क्रिकेटबद्दल.”

“मग भिंत व्हायचीच नाही,” गिरिजा म्हणाली, आणि दोघी हसायला लागल्या. गिरिजाला उचकी लागली, ती बघून पद्मश्रीला आणखी हसू आलं. वॉचमन फाटकातून ‘शू, शू’ करत होता, पण आम्ही त्याच्या हद्दीत नव्हतो.

आत्यानं उरलेल्या पोळ्या वाटल्या. मगदूम खाता खाता म्हणाले, “मग फ्लॅट तुम्ही काही घेत नाही.”

“नाही,” मी म्हणालो. “राग मानू नका.”

“छे! मीही शाळा बघूनच घेतला होता. स्वयंपाकघर बघितलंच नाही. दुसरं कुठलं घर बघितलंत का तुम्ही?”

आता सुटलो या आनंदात माझी जीभ सैल झाली. मी त्यांना पत्र्याच्या शाळेमागचं ते बैठं घर सविस्तर सांगितलं. वारा कुठून येतो, ऊन कुठं पडतं, मागं केवढी जागा आहे, मालक कसा सज्जन आहे, कुठं भेटतो. मगदूम लक्ष देऊन ऐकत होते. मला वाटलं, किती चांगला श्रोता आहे.

दुसऱ्या दिवशी गिरिजा पत्र्याच्या शाळेत गेली. तिथं फाटक नव्हतंच, त्यामुळं अडवायला कुणी नव्हतं. तिनं शिपायाला एकच विचारलं, गणिताला कोण आहे? त्यानं मुल्ला सरांचा वर्ग दाखवला. सर भागाकार शिकवत होते. वर्गात शेंगांची एक रास होती आणि ती सारखी वाटली गेली नाही म्हणून वर्गभर भांडण चाललं होतं. सर कुणालाही गप्प करत नव्हते. ‘बाकी किती उरली, आणि ती कुणी खाल्ली?’ असं विचारत ते बाकांमधून फिरत होते. एक मुलगा मागं पडला होता, त्याच्यापाशी जाऊन खाली बसले आणि त्याच्याबरोबर शेंगा परत पहिल्यापासून मोजायला लागले. गिरिजा खिडकीशी तास संपेपर्यंत उभी राहिली.

दुकानात येऊन ती म्हणाली, “चला, घर घेऊन टाकू.”

आम्ही लगेच निघालो. आत्यानं विसारासोबत द्यायला नारळही घेतला. घरमालक दारातच भेटले. फार हळहळले.

“अहो, जरा उशीर केलात. काल संध्याकाळीच एक गृहस्थ विसार देऊन गेले. उंच, किडकिडीत. सारखी मान पुसत होते.”

आत्यानं नारळ तिथंच पायरीवर आपटला, तोही शुभशकुनाच्या जोरानं नव्हे.

शेवटी आम्हाला त्याच ओळीतलं शेजारचं घर मिळालं. त्याचं न्हाणीघर पुढच्या बाजूला आहे, त्यामुळं आमच्याकडं येणारा प्रत्येक पाहुणा आधी तेच दार वाजवतो. राहायला गेल्यावर आत्या मगदुमांशी बरेच दिवस बोलली नाही. पण पद्मश्री रोज सकाळी आमच्या कस्तुरीला शाळेत न्यायला यायची आणि आत्याला ‘आजी’ म्हणून हाक मारायची, तेव्हा अबोला धरायला आत्याला फार जड जाई. एक दिवस तिनं कुंपणावरून शेंगाच्या पोळ्यांचा डबा पलीकडं दिला आणि तोंड फिरवून म्हणाली, “नातीसाठी हाय. तिच्या बापानं हात लावायचा न्हाई.” मगदुमांनी निम्म्या खाल्ल्या.

तो फ्लॅट त्यांनी पुढं विकला. आमच्या अनुभवानंतर त्यांनी मनाशी ठरवलं होतं, या वेळी काही लपवायचं नाही. एक तरुण जोडपं बघायला आलं, तेव्हा मगदुमांनी त्यांना खिडकीपाशी उभं करून सगळं खरं खरं सांगितलं. या शाळेत हसलेलं चालत नाही. पालकांना आत सोडत नाहीत. व्हरांड्यात मुलं तोंडावर बोट ठेवून चालतात. जी मागं पडतील त्यांना सरळ दाखला देतात. माझ्या मुलीलाही दिला.

त्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं, आणि स्वयंपाकघर न बघताच विसार देऊन टाकला.